शिवाराचे दोन कागद

(इंदापुरात शिक्षक आणि तरुण शेतकऱ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

आपल्या गावाचा छापील नकाशा हातात धरून पाहिलेले किती जण आहेत इथे? तीन हात वर आले. मोबाइलवर मात्र सगळ्यांनीच पाहिला असेल. उपग्रहाचं चित्र कामाचं आहे, मीही रोज उघडतो. पण बांध कोणत्या गटाचा ते त्यात कळत नाही, जमीन कुठे चढते ते दिसत नाही, आणि उन्हात स्क्रीनभोवती पाच माणसं जमली की कुणालाच काही दिसत नाही. कागद जमिनीवर अंथरला की पाचही जण बोलायला लागतात.

मी पाणलोटाच्या कामासाठी गावोगाव फिरतो. नव्या गावात गेलो की पहिल्या दिवशी दोन कागद शोधतो. एक गावनकाशा, दुसरं टोपोशीट. एकाला शिवा आणि बांध माहीत आहेत, दुसऱ्याला उंची आणि उतार. दोन्ही वेगवेगळ्या कार्यालयांतले, आणि गावात ते एकत्र ठेवलेले मला क्वचितच दिसले.

गावनकाशा आधी घेतो, कारण त्याची गोष्ट तुमच्या तालुक्यातली आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली. शेतसारा इतका चढा बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात काम हाती घेतलं आणि १८३६मध्ये ३० वर्षांसाठी सारा ठरवला. मुंबई इलाख्यातली पुढची मोजणी याच धर्तीवर झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आजही आपण गुंठ्यात बोलतो, म्हणजे त्या साखळीतच बोलतो.

त्या नकाशात गावठाण असतं, शेजारच्या गावांच्या शिवा असतात, ओढे, विहिरी, गाडीवाटा आणि तुटक रेषेतल्या पायवाटा असतात. शेतरस्त्याचा वाद तहसीलदारांपुढे गेला की वाट नकाशावर आहे का, हा प्रश्न निघतोच. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आधीच नक्कल काढून ठेवा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, नक्कल फी भरायची. मागताना एक लक्षात ठेवा. १९४७च्या कायद्याने जिथे जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले. म्हणून नुसता ‘गावाचा नकाशा’ मागू नका. गटनकाशाही मागा आणि जुना सर्व्हे नकाशाही मागा. आजोबांच्या कागदावरचा नंबर जुन्यात सापडेल, सातबाऱ्यावरचा नव्यात.

आणि नक्कल हातात आली की तिच्यावर लगेच पट्टी ठेवू नका. मला एकदा मिळालेली प्रत झेरॉक्स होताना आक्रसली होती. वर लिहिलेलं होतं, १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट. मी त्या हिशेबाने बांधांची लांबी काढली, दगडमातीचा अंदाज केला. शिवारात टेप धरला तर प्रत्येक बांध कागदापेक्षा लांब निघाला. सगळा अंदाज पुन्हा करावा लागला आणि मजूर दोन दिवस बसून राहिले. तेव्हापासून नकाशावर असलेल्या आणि आजही जागेवर असलेल्या दोन विहिरी धरतो, त्यांच्यातलं अंतर शिवारात मोजतो, मगच त्या प्रतीवर विश्वास ठेवतो.

आता टोपोशीट. ते सर्व्हे ऑफ इंडियाचं. देशाचे नकाशे करणारी ही सरकारी संस्था १७६७ची, मुख्यालय डेहराडूनला, पुण्यातही कार्यालय आहे. देशाची त्रिकोणांनी मोजणी १८०२मध्ये मद्रासला लॅम्बटन नावाच्या अधिकाऱ्याने सुरू केली. तो १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, काम चालू असतानाच. कबरही तिथेच आहे.

शीटचा नंबर कळला नाही तर शोधणं अवघड जातं, म्हणून तुमचाच नंबर सांगतो: ४७ एन/४. ४७ म्हणजे ७२ ते ७६ रेखांश आणि १६ ते २० अक्षांश यांतला चौकोन. त्याचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत, वरून खाली उभ्या ओळींत. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा तसेच १६. इंदापूर शहर एनमधल्या चौथ्या भागात येतं. गाव कडेला असेल तर शेजारचं शीटही लागतं. राजगड-तोरणा करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. राजगड एका शीटच्या वरच्या काठाला आणि तोरणा त्याच्या वरच्या शीटवर, त्यामुळे दोन्ही कागद जोडल्याशिवाय मधली डोंगराची सोंड नीट वाचता येत नाही.

या शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला एक. रेषा ओढ्यापाशी वळते आणि तिचं टोक चढाकडे असतं, एवढं ओळखलं तरी पाणी कुठून येतं ते समजतं. बारमाही पाणी निळं, कोरडा ओढा काळा. आपल्या भागात काळ्या रेषा किती आहेत ते एकदा मोजा. सह्याद्रीत या रेषा दाट असतात, इंदापूरच्या माळावर दोन रेषांमध्ये कितीतरी शेतं बसतात. म्हणून इथे बांधाची नेमकी जागा टोपोशीटवरून ठरवू नका. पाणलोटाची हद्द त्यावरून काढा, जागा शिवारात जाऊन ठरवा.

पूर्वी ही शीटं मिळवणं कष्टाचं होतं. २००५च्या धोरणाने लोकांसाठी वेगळी मालिका आली, २०१७मध्ये ती संकेतस्थळावरून मोफत उतरवता येऊ लागली, २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. फाइल घेऊन वास्तुविशारदांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात जा आणि मूळ मापातच छापा म्हणून सांगा. कागदात बसवायला म्हणून लहान केलं की प्रमाण गेलंच.

टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९५०च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे भारताचे नकाशेही खुले ठेवले आहेत. प्रमाण लहान, १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पण त्यात उजनीचा जलाशय नाही. नुसती भीमा वाहताना दिसते.

तो भाग मोठा करून मी छापला आणि धरणात गाव गेलेल्या एका आजोबांकडे नेला. अंगणात अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. आधी ते म्हणाले, मला वाचता येत नाही यातलं. मी नदीचं वळण दाखवलं, पळसदेवचं देऊळ कुठे येईल ते दाखवलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं. बराच वेळ त्यांचं बोट नदीच्या काठाकाठाने फिरत राहिलं. मग त्यांनी नातीला हाक मारून पेन्सिल आणायला सांगितली. खळं, तालमीची जागा, चिंचेचं बन, नदी ओलांडायचा उतार. ते सांगत गेले, ती लिहीत गेली.

तो कागद इथे टेबलावर ठेवलाय. त्यावर तिच्या अक्षरातली अकरा नावं आहेत. त्यातली दोन मला अजून नीट लागलेली नाहीत. नदीकाठच्या गावांतले कुणी असाल, तर जाण्याआधी पुढे येऊन ती वाचून पाहा.