दुसरा आवाज

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे माणसाच्या चांगल्या-वाईट वागण्याबद्दल. त्यातलं डोक्यातल्या रसायनांवर किती असतं, आणि शेजारी उभ्या चार माणसांवर किती.

रसायनाची ओळख तुमच्या गोठ्यातच आहे. वासरू कासेला लागलं की गाय पान्हा सोडते. तो पान्हा आणणाऱ्या रसायनाचं नाव ऑक्सिटोसिन. ते मेंदूत तयार होतं, गाईच्या आणि बाईच्याही. बाळंतपणाच्या कळांमागेही तेच.   

तर हेच ऑक्सिटोसिन माणसामाणसांतल्या जिव्हाळ्यातही काम करतं. पण जिव्हाळा कोणाविषयी? नेदरलँड्समधल्या कार्स्टन डी ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली काही पुरुषांना ते नाकातून दिलं आणि पैशांचे खेळ खेळायला लावले. आपल्या गटावरचा त्यांचा विश्वास वाढला, गटासाठी पदरचं द्यायची तयारीही वाढली. मात्र परक्या गटाकडून नुकसानीची भीती वाटली, की तेच लोक आधीच वार करायला निघाले. लक्षात ठेवा: आपल्यांसाठी माया, परक्यांसाठी पहारा. एकटं ऑक्सिटोसिन सगळं घडवतं असं नाही, पण ओढा त्या बाजूचा असतो.

आता वरुड रस्त्यावरची गोष्ट ऐका. ही मी जिथं जातो तिथं सांगतो. नोव्हेंबरचा महिना, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड जोरात. आमची एस.टी. अचानक थांबली. पुढं संत्र्यांचा ट्रक उलटलेला. कॅरेट फुटलेले, रस्ताभर संत्रे. ट्रक मध्य प्रदेश पासिंगचा. आम्ही उतरून पुढं जाईपर्यंत आजूबाजूच्या गावातली माणसं जमली होती आणि वेचणं सुरू होतं. कोणी चुंगडी आणली, कोणी दुपट्ट्यात भरत होतं, शाळेतून येणारी पोट्टी दप्तरात कोंबत होती. चांगल्या घरची माणसं हो. एरवी दुसऱ्याच्या बांधावरचं बोर न तोडणारी.

आणि ड्रायव्हर कॅबिनमध्ये होता. पाय अडकलेला. तो हाका मारत होता. ऐकू सगळ्यांना येत होतं. मी एकाला विचारलं, "१०८ ला फोन केला का?" तो म्हणाला, "केला असंल ना कोणी." दुसऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला, केला असंल कोणी. फोन कोणीच केला नव्हता. तो मी लावला, पण गाडी यायला वेळ होता, आणि माझं ऐकून एक माणूस वाकलेला सरळ झाला नाही.

तेवढ्यात कापूस वेचून परतणाऱ्या बायांचा घोळका आला. त्यातली एक म्हातारी थेट कॅबिनपाशी गेली, आत डोकावली आणि वळून ओरडली, "काय करून राहिले रे पोट्टेहो? मानूस मरून राहिला इथं, अन् तुम्ही संत्रे वेचता? तुमच्या मायनं हेच शिकवलं का?"

लोकांनी वर पाहिलं. आणि पुन्हा खाली पाहून वेचू लागले. हो, पुन्हा वेचू लागले! म्हातारी एकटीच दरवाजा ओढत राहिली. मग एका पोट्ट्यानं हातातली चुंगडी टाकली. "थांब व माय, मी येतो," म्हणाला. पुढच्या दोन मिनिटांत चित्र पालटलं. कोणी सब्बल आणली, कोणी ट्रॅक्टर आणायला धावलं, दहा जणांनी मिळून दरवाजा वाकवला. ड्रायव्हरला बाहेर काढलं, पाणी पाजलं. अँब्युलन्स आली तेव्हा त्याच्या सोबत कोण जाणार यावरून वाद चालला होता. उरलेले संत्रे रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवले आणि मालक येईपर्यंत त्याच माणसांनी राखण केली. काही चुंगड्या घरी गेल्या त्या गेल्याच. पण बहुतेक परत आल्या.

माणसं तीच, मेंदू तोच. बदल कुठून झाला?

"केला असंल कोणी" यावर डार्ली आणि लाटाने या अमेरिकी संशोधकांनी १९६८ साली प्रयोग केला. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकवलं. ऐकणारे आपण एकटेच, असं ज्यांना वाटलं त्यांतले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं, तर फक्त ३१ टक्के. मदत करू शकणारे जितके जास्त, तितका प्रत्येकाचा हात मागं.

आणि त्या पोट्ट्याबद्दल? सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेघांचा प्रयोग केला. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. सोबतचे सगळे ठरवून चुकीचं सांगायचे, आणि चारांतले तीन जण एकदा तरी डोळ्यांना दिसतं ते सोडून त्यांच्या मागं गेले. पण खरं बोलणारा एकच जोडीदार मिळाला, की चुकीची उत्तरं आधीच्या सुमारे चौथाईवर आली. एकच जोडीदार. म्हणून मी म्हणतो, म्हातारीचं मोल आहेच, पण गर्दी फोडली ती दुसऱ्या आवाजानं.

असा दुसरा आवाज गावाच्या सभेतही लागतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहते. त्याच गावानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आपल्याकडे मात्र "मंजूर, मंजूर" म्हणत दहा मिनिटांत ठराव उरकतात, आणि दारूच्या दुकानाचा विषय निघाला की मागं बसलेली बाई अर्धं वाक्य बोलून खाली बसते. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती उठली, तर तुम्हीही उठा आणि तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या. सरपंचांनो, ती खाली बसेपर्यंत मंजूर लिहू नका. नमस्कार.