आवक भरपूर, साठा किती?

(दृश्य: पहाटेचा कसारा घाट. बर्फाच्या पेट्या भरलेला टेम्पो वळण घेतोय.)

मुंबईच्या बंदरांवरून निघालेली मासळी घाट चढून सकाळी नाशिकच्या बाजारात पोचते. बंदर नसलेल्या शहराला समुद्र दोनच गोष्टींतून कळतो. आज आवक किती, आणि भाव काय. पापलेट महागलं की आपण म्हणतो, माल कमी आला. बांगडा स्वस्त मिळाला की म्हणतो, यंदा समुद्र पावला.

खरं तर नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. लासलगावात उन्हाळ कांद्याची आवक एकदम वाढली, तर चाळीत कांदा मुबलक आहे असा अर्थ एकही शेतकरी काढत नाही. माल सडायला लागला म्हणून चाळी रिकाम्या होत असतील, हे त्याला ठाऊक असतं. कांद्याचं एक बरं असतं. शंका आली तर चाळीत जाऊन बघता येतं. हजार मीटर खोल पाण्यात राहणाऱ्या माशाचा साठा कसा बघायचा?

(दृश्य: समुद्राच्या पोटातला अंधार. कॅमेऱ्याच्या उजेडात लालसर अंगाचे, मोठ्या डोक्याचे मासे.)

हा ऑरेंज रफी. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या भोवतालच्या खोल समुद्रात, पाण्याखालच्या डोंगरांच्या आसपास तो सापडतो. हाताच्या कोपरापर्यंतही पुरणार नाही एवढी त्याची नेहमीची लांबी, तीस-चाळीस सेंटिमीटर. नाशिकच्या बाजारात तो दिसत नाही. तरी त्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण मासळीचा साठा मोजताना माणूस किती चुकू शकतो याचा याहून मोठा धडा क्वचितच मिळेल.

साठ्याचा हिशेब वयापासून सुरू होतो. मासा किती वर्षांनी अंडी घालायला लागतो, किती जगतो, दर वर्षी किती वाढतो हे कळलं, तर दर वर्षी किती काढले तरी भरून निघतील हे सांगता येतं. वयच चुकलं, तर पुढची सगळी गणितं चुकतात.

(दृश्य: नाशिकमधल्या महाविद्यालयाची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. ट्रेमध्ये बाजारातून आणलेला धोमा.)

माशाचं वय त्याच्या कानात लिहिलेलं असतं. विद्यार्थिनी धोम्याची कवटी उघडते आणि चिमट्याने दोन पांढरे खडे बाहेर काढते. हे कर्णाश्म. माशाला तोल आणि आवाज कळतो तो यांच्यामुळे. माशाच्या डोक्यात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. धोमा, घोळ यांच्या कुळात त्यातली एक जोडी चांगलीच मोठी असते, त्यामुळे शिकायला हे मासे सोयीचे.

कर्णाश्मावर कॅल्शियम कार्बोनेटचे थर जन्मभर साचत जातात. थंड प्रदेशात उन्हाळ्याचा थर आणि हिवाळ्याचा थर वेगळा दिसतो. खडा राळेत बसवायचा, हिऱ्याच्या करवतीने त्याची अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकती कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची. जर्मनीत योहानेस रायबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस नावाच्या चपट्या माशाचं वय कर्णाश्मावरून काढलं, आणि ही रीत रुळली.

आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाही. अरबी समुद्र बारा महिने कोमट. वलयं पुसट पडतात, कधी एका वर्षात दोन उमटल्याचा भास होतो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर बऱ्याचदा लांबीवरून काम चालतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून हे काम करते. तिची माणसं बंदरावर उतरलेल्या मासळीतून नमुना निवडतात आणि पट्टीवर एकेक मासा मोजतात. या महिन्यात दहा सेंटिमीटरच्या आसपास गर्दी होती, दोन महिन्यांनी तीच गर्दी बारावर सरकली, म्हणजे वाढीचा वेग मिळाला. असल्या मोजमापांतूनच कुठला मासा किती लांबीचा होईपर्यंत धरू नये हे ठरतं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं. पापलेटसाठी किमान १३५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. तळहाताएवढी पापलेटं बाजारात स्वस्तात दिसली की ही पट्टी आठवावी.

लांबीची ही युक्ती ऑरेंज रफीपुढे मात्र हात टेकते. हा मासा वयात आला की त्याची वाढ जवळपास थांबते. चाळीस वर्षांचा आणि शंभर वर्षांचा मासा शेजारी ठेवला, तर पट्टीला फरक कळणार नाही.

(दृश्य: ट्रॉलर. जाळं वर येतंय, नारिंगी माशांनी फुगलेलं.)

न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या चॅटम राइज या समुद्राखालच्या उंचवट्यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस या माशाची मोठी मासेमारी सुरू झाली. अंडी घालायच्या दिवसांत हे मासे डोंगरमाथ्यांभोवती दाट थवे करून जमतात. जाळं नेमकं तिथे सोडलं की थोड्याच वेळात टनावारी माल. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या ईशान्येला सेंट हेलेन्स नावाच्या समुद्री डोंगरावर असाच थवा १९८९ मध्ये सापडला, आणि बोटींची तिकडे रीघ लागली.

तोवर वयाबद्दल अंदाज होता, पण तो भलताच आशावादी. मासा इतर खाद्य माशांसारखा झटपट वाढत असावा, असं धरून चालले होते. आपल्याकडे तळ्यात सोडलेलं रोहूचं बोटुकलं वर्षभरात किलोच्या आसपास जातं. तशी सवय असलेल्या नजरेला दीड किलोचा मासा म्हातारा असेल अशी शंका तरी का यावी?

१९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वलयं मोजणं बाजूला ठेवलं आणि किरणोत्सर्गाचा आधार घेतला. पाण्यातलं थोडं रेडियम-२२६ कर्णाश्मात अडकतं. त्याचं हळूहळू शिसं-२१० होत जातं. गाभ्यात रेडियमच्या मानाने शिसं किती साचलं, यावरून खडा किती जुना ते काढता येतं. ३८ ते ४० सेंटिमीटर लांबीच्या माशांचं वय आलं ७७ ते १४९ वर्षं. मासा वयात येतो तोही तिशीच्या आसपास. म्हणजे त्या जाळ्यांत काही मासे पहिल्या महायुद्धाच्याही आधी जन्मलेले होते. यावर पुढे बराच वाद झाला, पण २००९ मध्ये न्यूझीलंडच्या माशांवर झालेल्या पडताळणीनेही शंभरीचा आकडा उचलून धरला.

आता आवकीकडे परत या. इतकी उपसा-उपशी चालू असताना धोका दिसला का नाही? कारण बोटींची आवक घटतच नव्हती. मासेमारीत एक सोपा मापदंड वापरतात, एका खेपेत किती मिळालं. विखुरलेल्या माशांसाठी तो ठीक. थव्याने जमणाऱ्या माशांत तो फसवतो. एकूण मासे निम्म्यावर आले तरी उरलेले पुन्हा त्याच माथ्यावर गोळा होतात, जाळं पुन्हा भरतं, आणि कागदावर सगळं आलबेल राहतं. माझ्या मते इथे दोष एकट्या शास्त्राचा नाही. मोजणी पुरी होईपर्यंत थांबायला धंदा तयार नव्हता, आणि भरलेल्या जाळ्यापुढे थांबा म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

मग ध्वनीलहरींनी मोजायचं ठरलं. जहाजावरून आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून थव्याचं वजन काढायचं. इथेही या माशाने गोची केली. पुष्कळ माशांच्या वाताशयात, म्हणजे पोटातल्या तरंगायच्या पिशवीत, हवा असते, तिच्यामुळे प्रतिध्वनी ठणठणीत येतो. ऑरेंज रफीच्या वाताशयात मेणासारखं तेल. त्याचा प्रतिध्वनी क्षीण, आणि थव्यात मिसळलेले छोटे हवावाले मासे मात्र जोरात ओरडतात. पृष्ठभागावरून ऐकलं तर हिशेब फुगतो. म्हणून ध्वनियंत्र आणि कॅमेरा एकत्र बांधून थव्याच्या जवळ खोल उतरवतात. वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर ऐकतात, आणि फोटोंतून कोण कोण आहे ते तपासतात.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आलेख. एक आडवी लाल रेघ.)

ही लाल रेघ आहे वीस टक्क्यांची. मासेमारी सुरू होण्याआधी अंडी घालणारे जेवढे मासे होते, त्यांच्या वीस टक्क्यांखाली साठा गेला तर ऑस्ट्रेलियात त्या माशाची ठरवून केलेली मासेमारी बंद होते. तिथे २००६ मध्ये ऑरेंज रफी संरक्षणाच्या यादीत गेला आणि बहुतेक क्षेत्रं बंद झाली. न्यूझीलंडने पश्चिमेकडचं चॅलेंजर क्षेत्र २००० मध्ये बंद केलं ते दहा वर्षांनी उघडलं. टास्मानियाच्या पूर्वेचं क्षेत्र साठा रेघेच्या वर आल्याचं मोजणीत दिसल्यावर २०१५ मध्ये उघडलं, जुन्या दिवसांच्या मानाने अगदी थोड्या टनांसाठी.

रेघेच्या वर आले ते मासे मात्र मोठ्या उपशाच्या आधी जन्मलेले. तिशीत वयात येणाऱ्या या माशाची १९९०च्या दशकातली, म्हणजे पालक थोडे उरले असतानाची पिल्लं आत्ता कुठे अंडी घालायला थव्यात येऊ लागली आहेत. ती किती आहेत, हे येत्या काही वर्षांच्या ध्वनिमापनात कळायला लागेल, आणि पुढच्या परवान्यांचे टन त्यावरूनच ठरतील.