इमो म्हणजे मावशी

(पडद्यावर : लॉस एंजलिस, ऑलिम्पिक बुलेव्हार्ड. रात्रीचे साडेसात. दुकानांची एक बुटकी ओळ. लाँड्री, दातांचा दवाखाना, मोबाइल दुरुस्ती. कोपऱ्यात गुलाबी दिवे.)

सात गाड्यांच्या जागेत अकरा गाड्या. पार्किंग सांभाळणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक गाडी पुढेमागे सरकवतोय. कोरियाटाउनमध्ये हॉटेल कसं निवडायचं असं कुणी विचारलं, तर मी म्हणतो, पार्किंग बघा. जिथे गाडी लावणं अशक्य, तिथलं जेवण हमखास बरं.

दारावर तीन भाषा आहेत. वर मोठ्या अक्षरांत कोरियन. त्याखाली इंग्रजीत 'कोरियन फ्युजन आणि बार'. आणि काचेला चिकटपट्टीने लावलेला एक कागद, हाताने लिहिलेला, स्पॅनिशमध्ये : भांडी घासायला माणूस हवा.

'फ्युजन' या शब्दाची मला जरा ॲलर्जी आहे. हा शब्द ऐकला की चीझ ओतून बिघडवलेला डोसा आठवतो. हातात चिमटा धरून ताट सजवणारा कुणीतरी शेफ आणि त्याची हुशारी दाखवायची घाई. इथला मेनू मात्र वेगळ्या वाटेनं आलाय. यातला एक पदार्थ युद्धातून आला, एक कुणाची तरी नोकरी गेल्यामुळे, आणि बारचा अर्धा कारभार तर दारूच्या परवान्यातल्या एका कलमामुळे.

(आत. टेबलं जवळजवळ, गोंगाट. टेबलाच्या कडेला एक छोटं बटण.)

बटण दाबलं की वाढणारी बाई येते. जुनी गिऱ्हाइकं ते दाबत नाहीत. सरळ हाक मारतात, "इमो!" कोरियनमध्ये इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आत्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. पण खाणावळीत वाढणारी मावशीच. ते का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आमच्या इमो साठीच्या पुढच्या. काही मागवायच्या आधीच त्यांनी सहा वाट्या टेबलावर मांडल्या. याला म्हणतात बांचान. किमची, मोडाच्या सोयाबीनची कोशिंबीर, गोडसर परतलेला बटाटा, मुळ्याचे तुकडे, पालक, माशांचे काप. आपल्या पानाची डावी बाजू एवढी ऐसपैस असती तर जशी दिसली असती, तशी. याचे वेगळे पैसे नाहीत, आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा भरून येते.

सोबतचा मित्र नाशिकचा, शाकाहारी. त्यानं आनंदानं किमचीकडे हात नेला. कोबीचं लोणचंच की ते. मी हात धरला. बहुतेक किमचीत खारवलेला जवळा असतो, नाही तर माशाचं पाणी. सूप बिनमांसाचं दिसलं तरी त्याचा आधार बऱ्याचदा सुक्या मासळीचा. कोरियातल्या बौद्ध मठांत मात्र बिनमासळीची किमची घालतात, आणि तिथे कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास, पण बारा महिने. इथे मठ नाही, बार आहे. मित्रानं बटाट्याची वाटी पुढे ओढली आणि ती तीनदा भरून घेतली.

(जवळून : किमचीचा लाल रस पांढऱ्या वाटीत पसरतोय.)

हा लाल रंग तसा अलीकडचा. कोरियन माणूस भाज्या खारवून ठेवतोय फार आधीपासून, पण मिरची त्याच्याकडे पोचली साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मूळ गाव मेक्सिकोकडचं. पोर्तुगीज जहाजांतून तीच मिरची गोव्यात उतरली, घाट चढून गेली आणि कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात बसली. तेव्हा मेक्सिकन टाकोत कुणी किमची घातली, तर मिरची फार तर माहेरी आली म्हणायचं.

आणि तो टाको आता टेबलावर आलाय.

(टाको. मक्याची छोटी पोळी, वर गडद तपकिरी मांस, कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड.)

आतलं मांस आहे गाल्बी, म्हणजे बीफच्या बरगडीचं. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल, बरेचदा किसलेलं नासपती, आणि जाळावर भाजलेलं. कोरियात जुन्या पद्धतीत हाडाच्या बाजूनं मांस सोलत उलगडतात. इथे हाडाला आडवं कापतात, पातळ. तीन हाडांचे गोल डोळे एका पट्टीत दिसतात. ही पद्धत कोरियात परत गेली आणि तिथले लोकही तिला 'एलए गाल्बी' म्हणतात. नावामागची कथा मात्र प्रत्येक खाटीक वेगळी सांगतो.

२००८ चा नोव्हेंबर. मंदीचा काळ. सोलमध्ये जन्मलेला, लॉस एंजलिस परिसरात वाढलेला, मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तयार झालेला रॉय चॉय तेव्हा बेकार होता. मार्क मांगेरा या मित्राच्या डोक्यात कल्पना आली : टाकोत कोरियन गाल्बी. दोघांनी आणि सोबत्यांनी मिळून एक ट्रक रस्त्यावर आणला, 'कोगी'. कोगी म्हणजे मांस. ट्रक आज कुठे उभा राहणार हे ट्विटरवर कळायचं आणि लोक मध्यरात्री रांगा लावायचे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित खाद्यमासिकानं चॉयला देशातल्या सर्वोत्तम नव्या शेफांमध्ये घेतलं. ट्रकवाल्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

गोष्ट छान आहे, पण ती इथून सुरू केली की स्वयंपाकघरातली माणसं दिसत नाहीत. कोरियाटाउन नाव असलं, तरी या वस्तीत कोरियनांपेक्षा लॅटिनो लोक जास्त राहतात. कोरियन हॉटेलांत गाल्बी मुरवणारे, कोबी चिरणारे, भांडी घासणारे हात वर्षानुवर्षं मेक्सिकोचे, ग्वाटेमालाचे. मांस त्यांच्यासमोर, पोळी त्यांच्या डब्यात. मधलं अंतर ते कितीसं?

(पडद्यावर : ऑलिम्पिक बुलेव्हार्डवरचीच एक इमारत. कोरियन राजवाड्यासारखं छप्पर, भिंतींवर भडक मेक्सिकन रंग.)

ही इमारत बघायला म्हणून मी दोनदा चुकीचं वळण घेतलंय. १९७० च्या दशकात 'ही दुक ली' नावाच्या कोरियन व्यावसायिकानं इथे 'व्हीआयपी पॅलेस' हे कोरियन रेस्टॉरंट उभारलं आणि छपराची कौलं खास कोरियाहून आणवली. हा भाग कोरियनांचा व्हावा म्हणून झटलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक. आज त्याच छपराखाली 'गेलागेत्सा' आहे, मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातलं जेवण देणारं, मोले नावाच्या दाट, काळपट रश्श्यासाठी गाजलेलं. कौलं कोरियन, चूल वाहाकाची. कुणी मुद्दाम ठरवून केलं असतं, तर इतकं जमलं नसतं.

(परत आत. खिडकीची जुनी लोखंडी जाळी.)

या जाळीबद्दल मी इमोंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "साइगू." साइगू म्हणजे चार-दोन-नऊ. २९ एप्रिल १९९२. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना ज्युरीनं सोडलं आणि शहर पेटलं. साठाहून अधिक माणसं गेली. दोन हजारांहून जास्त कोरियन दुकानं लुटली किंवा जाळली गेली, आणि पोलीस या वस्तीकडे फिरकले नाहीत, ही सल आजही बोलून दाखवली जाते. कोरियन माणूस मोठ्या घटना तारखेनंच ओळखतो; १९५० चं युद्धही त्याच्या लेखी 'सहा-दोन-पाच', म्हणजे २५ जून. इमोंनी याहून जास्त काही सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

(गॅसची छोटी शेगडी टेबलावर. पसरट भांडं उकळतंय. स्पॅमचे, म्हणजे डबाबंद डुकराच्या मांसाचे, गुलाबी काप, सॉसेज, किमची, टोफू, मध्ये नूडल्सची वडी.)

हा मेनूवरचा सर्वांत जुना फ्युजन पदार्थ. बुदे चिगे. बुदे म्हणजे पलटण, चिगे म्हणजे रस्सा. पलटणीचा रस्सा.

युद्ध थांबलं १९५३ मध्ये. देश उपाशी. सोलच्या उत्तरेला उईजॉन्गबू इथे अमेरिकन छावण्या होत्या. सैनिकांच्या ताटातलं उरलंसुरलं गोळा करून, उकळून लोक खायचे. त्या लगद्याचं नावच होतं 'डुकराची पेज'. मग छावणीच्या मागच्या दारानं डबाबंद स्पॅम आणि सॉसेज बाहेर येऊ लागलं. ते बाळगणं बेकायदा, पण विकत घेणारे होते. कुणीतरी ते किमचीत, मिरचीच्या पिठीत उकळलं, म्हणजे परकं मांस आपल्या रश्श्यात बुडवून आपलं केलं. उईजॉन्गबूतलं या पदार्थाचं जुनं दुकान १९६० मध्ये हो गी-सुक नावाच्या बाईंनी एक टपरी म्हणून सुरू केलं. नूडल्स नंतर आले. कोरियात पॅकेटमधले नूडल्स निघाले १९६३ मध्ये. चीझचा काप तर त्याहून नंतरचा.

आज कोरियात चुसोकच्या सणाला, आपण मिठाईचे डबे देतो तसे, स्पॅमचे डबे सजवून भेट देतात. आणि लॉस एंजलिसमध्ये हाच रस्सा तिशीतली मुलं शुक्रवारी रात्री हौसेनं मागवतात. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा मात्र त्याला हात लावत नव्हते. नातवंडं ओरपत होती. आजोबा नुसता भात खात होते.

(बार. हिरव्या बाटल्यांची रांग.)

आता बार. कोरियात दारूबरोबर काही खाल्लं नाही, तर बैठक पुरी होत नाही. त्या खाण्याला 'आंजू' म्हणतात. आपला चखणा, फक्त शेंगदाण्यांवर भागत नाही, अख्खं जेवण असतं. तळलेल्या कोंबडीबरोबर बिअर. आणि पाऊस लागला की पातीच्या कांद्याची धिरडी आणि माक्कॉली, तांदळाची पांढुरकी दारू. पावसाला आणि कांदाभज्यांना जोडणारा तो कोण असेल, त्यानं तिकडेही एक चक्कर मारलेली दिसते.

हिरव्या बाटलीतली ती सोजू. ऊर्ध्वपातनाची कला कोरियात तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्यांबरोबर आली. केसाँगच्या भागात सोजूला 'आराक-जू' म्हणत. आपला अर्क आठवला ना? सोजू तांदळाची असायची. १९६५ मध्ये धान्यटंचाईमुळे सरकारनं दारूसाठी तांदूळ वापरायला बंदी घातली. मग रताळी, टॅपिओका अशा पिष्टाचं मद्यार्क काढून त्यात पाणी आणि गोडी घालायची पद्धत रुळली. बंदी पुढे उठली, चव मात्र तीच राहिली.

कॅलिफोर्नियात तिचं निराळंच झालं. कडक दारूचा परवाना महाग, छोट्या हॉटेलाला न परवडणारा. बिअर आणि वाइनचा स्वस्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कायद्यात सवलत आली : बिअर-वाइनच्या परवान्यावर २४ टक्क्यांपर्यंतची सोजू विकता येईल. झालं. जिथे व्होडका नाही तिथे सोजू, जिथे टकीला नाही तिथे सोजू. दह्याची सोजू, कलिंगड पोखरून त्यात ओतलेली सोजू, सोजूची मार्गारीटा. कुणाला वाटेल काय ती कल्पकता! कल्पकता आहेच, पण तिच्या मुळाशी परवान्याची फी आहे.

ओतायचेही नियम आहेत. आपला पेला आपण भरायचा नाही. मोठ्यांनी ओतली तर पेला दोन्ही हातांनी पुढे करायचा, आणि पिताना मान जरा बाजूला वळवायची. माझ्या मित्राला हे इमोंनीच शिकवलं. मनगट धरून.

(रात्रीचे पावणेदोन. दिवे मोठे होतात.)

कॅलिफोर्नियात दोन वाजता दारू बंद. गिऱ्हाइकं उठतात. पार्किंगवाला पुन्हा आपलं कोडं सोडवायला लागतो. आम्ही रेंगाळलो, कारण कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती आणि आतून वास येत होता.

स्वयंपाकघरातली माणसं जेवायला बसली होती. दोघे वाहाकाचे, एक ग्वाटेमालाचा, आणि इमो. मध्ये किमचीचा रस्सा, आंबट, जुन्या किमचीचा. तव्यावर पोळ्या. एकानं पोळीत भात, रस्स्यातलं टोफू आणि हिरवी मिरची घालून गुंडाळी केली. याचं मेनूत नाव नाही. मी विचारलं, तर ते एकमेकांकडे बघून हसले.

इमोंनी तव्यावरची एक पोळी माझ्यासमोर धरली. मी दोन्ही हात पुढे केले.

(दारावर स्पॅनिशमधला तो कागद. आतला दिवा विझतो.)