चांदीचा जुना रुपया: किंमत ठरते कशी

[दृश्य: वजनकाट्यावर व्हिक्टोरियाचा रुपया. आकडा स्थिरावतो.]

११.६६ ग्रॅम. ब्रिटिश काळातल्या रुपयाचं हे ठरलेलं वजन, बरोबर एक तोळा. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. मूळचा तोळा हा.

१९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे न झिजलेल्या नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. चांदीच्या चालू भावानं गुणलं की नाण्याची तळची किंमत कळते. संग्राहक त्यावर जे देतो ते साल, टाकसाळ आणि अवस्था पाहून. पण आधी नाणं खरं हवं.

[दृश्य: काट्यावर पाण्याचा पेला, दोऱ्याला टांगलेला रुपया.]

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. फिरून झिजलेलं नाणं ११.५ भरलं तर काही बिघडत नाही. लोहचुंबकाला चिकटलं, तर ते चांदीचं नाहीच. वजन जुळूनही नाणं बनावट असू शकतं, म्हणून पाण्याची परीक्षा. पेल्यात पाणी ठेवून काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्यानं नाणं पूर्ण बुडवा; तळाला, काठाला टेकू देऊ नका. १९३९ पर्यंतच्या रुपयाचा आकडा १.१३ च्या आसपास यायला हवा. तांबं-निकेलचं तेवढ्याच वजनाचं नाणं जास्त जागा व्यापतं, तिथे आकडा १.३ होतो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तरी आकडा फुगतो. दोरा हलवून ते सोडवा. नंतर नाणं चोळू नका, टिपकागदावर टिपा.

आता साल. १८६२ पाहून पुष्कळजण हरखतात, पण हेच साल घालून रुपये पुढे कैक वर्षं पडत राहिले. नवं साल दिसतं ते थेट १८७४ चं. त्यामुळे १८६२ चे रुपये अमाप आहेत. भाव फरकतो तो मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून आणि मांडणीवरून. दहापट भिंगाशिवाय हे ठिपके मोजू नयेत.

[दृश्य: भिंगाखाली पंचम जॉर्जचा झगा.]

१९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून साल १९११ आणि सोंड मात्र ठसठशीत असेल, तर सालावर कोरणी चालली आहे असं समजा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया याहून कितीतरी दुर्मीळ; तो हाती आला तर जाणकाराच्या तपासणीशिवाय व्यवहार करू नका.

टाकसाळीची खूण लहान असते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागे तळाच्या कमळाखाली उठावदार ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कोलकाता.

[दृश्य: दोन रुपये शेजारी. एक काळपट, एक चकचकीत.]

यातला महाग कोणता? काळपट. चिंचेचा कोळ, राख किंवा भांड्यांची पावडर लावली की टाकसाळीतून निघतानाची मूळ झळाळी जाते आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. ती झळाळी परत आणता येत नाही. दिवाळीच्या पूजेसाठी घासलेल्या अशा चांगल्या नाण्यांकडे पाहून खरंच जीव हळहळतो. माळेतल्या रुपयाला कडी झाळलेली असेल, तर कडी काढल्यावरही किनारीवर डाग राहतो. असं नाणं बहुतेक वेळा चांदीच्या भावानंच जातं.

झीज आधी उंच भागावर दिसते: मुकुट, भुवई, कान, झग्यावरची नक्षी. तिथले बारकावे शाबूत असतील तर नाणं वरच्या प्रतीचं.

भाव पाहताना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे पाहा, मागितलेले नव्हे. साल, टाकसाळ, ठिपके आणि प्रत, चारही जुळले पाहिजेत. लिलावात घेणारा बोलीवर अधिभार भरतो, विकणाऱ्याकडून कमिशन कापलं जातं. व्यापारी आपला नफा ठेवूनच भाव देतो. तुमच्या हाती येणारी रक्कम छापील आकड्याहून कमी असते, ती यामुळे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते परदेशी विकू वा पाठवू नका. आणि विक्रीआधी नोंदणी शुल्क, कर किंवा कमिशन मागणारा फोन आला, तर तो तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात नसते. तिनं २०२१ मध्ये तसं जाहीरही केलं आहे.