किहीमकर : एका आडनावाचा माग

(मांडवा जेट्टी. रो-रोतून उतरणाऱ्या गाड्या.)

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, तासाभरात मांडव्याला लागते. शनिवारी सकाळी तिच्यातून उतरणाऱ्या बहुतेक गाड्या एक तर बंगल्यावर जातात, नाहीतर बीचवर. अलिबागच्या रस्त्याने निघालं की झिराड येतं, मग चोंढी. चोंढीला उजवीकडे वळायचं. पुढे सुरूची झाडं, वाळू, समुद्र. हे किहीम.

पक्षी बघणाऱ्यांना हे गाव सलीम अलींमुळे माहीत असतं. सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास इथलाच. आम्ही मात्र इथे आलो ते एका आडनावासाठी.

(किहीम गावाची पाटी.)

किहीमकर. गावावरून पडलेलं आडनाव, त्यात कोकणी माणसाला नवल कसलं? पण किहीमकरांच्या घरात शुक्रवारी दिवेलागणीपासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळतात. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची लहानशी डबी, असते. हे लोक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. झिराडचे झिराडकर, आवासचे आवासकर, नवगावचे नवगावकर, पेझारीचे पेझारकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. गावांवरून पडलेली अशी शंभराहून अधिक आडनावं या एका लहानशा समाजात आहेत. आडनावांची नुसती यादी घेतली तरी जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचा नकाशा काढता येईल.

(नवगावची दफनभूमी. गवतातले उंचवटे. मागे समुद्र.)

किहीमच्या दक्षिणेला, अगदी लागून, नवगाव. या समाजाची गोष्ट इथे सुरू होते. खंदेरी-उंदेरी बेटांजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीची प्रेतं वाहून आली, ती गावकऱ्यांनी पुरली. पुरुषांसाठी एक जागा, बायकांसाठी दुसरी. तुम्ही बघताय ते उंचवटे म्हणजे तीच जागा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. त्यांच्यावर नाव नाही, साल नाही.

किनाऱ्याला लागलेल्या चौदा जणांची गोष्ट चित्पावनांच्या कथेतही आहे, तिथे ती प्रेतं आहेत. कुणी कुणाची घेतली यावर जाणकारांनी बरीच शाई खर्च केली आहे, आपण पुढे जाऊ. जनुकांचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात या समाजाची एक मुळी मध्यपूर्वेतल्या ज्यूंपर्यंत पोचते आणि दुसरी इथल्याच मातीत आहे, असं दिसलं.

(तेलघाणा. बैल. घाण्याच्या लाटेचा जवळून शॉट, करकर आवाज.)

गलबतातून उतरलेली माणसं कोकणात जगली ती तेलावर. हा घाणा आम्हाला जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावात सापडला. उखळात तीळ पडतात. लाट, म्हणजे घाण्याचा जाड लाकडी दांडा, आडवी झुकवून जोताला बांधलेली असते. बैल फिरू लागला की ती उखळाच्या कडेला घासत जाते. आधी तीळ चुरतो, मग त्याचा लगदा होतो, आणि बऱ्याच वेळाने तळाच्या भोकातून पहिली धार येते. पाणी किती शिंपायचं, केव्हा शिंपायचं, ते हाताला कळावं लागतं. कमी पडलं तर पेंड सुटत नाही, जास्त झालं तर तेल बिघडतं. उरलेली पेंड गुरांना. बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधलीत ती घेरी येऊ नये म्हणून.

शुक्रवारी सूर्य मावळला की यांचे घाणे थांबायचे, ते शनिवारी रात्रीपर्यंत. त्या दिवशी बैलालाही जू नाही. म्हणून आसपासच्या गावांनी त्यांना नाव दिलं, शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाने दोघांनाही एकाच मापाने ओळखलं. बहुतेक हिब्रू प्रार्थना विसरल्या होत्या. उरलं होतं ते मुलांची सुंता, खवले असलेला मासा आणि शनिवारची सुट्टी. पुढे दावीद रहाबी नावाच्या ज्यू माणसाने हे लोक आपलेच आहेत हे ओळखलं, तेही याच खाणाखुणांवरून, अशी समाजातली आठवण.

(स्वयंपाकघर. परातीत मलिदा कालवणारे हात.)

हा मलिदा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गोडासाठी गूळ किंवा साखर, वर वेलची, सुकामेवा, बाजूला फळं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलमधला एलिया, त्याच्या नावाने हे ताट मांडतात. घरात लग्न असो, बारसं असो की नवस फेडायचा असो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका कातळावर त्याच्या रथाची खूण आहे, असं मानतात. खूण बघायला आता इस्राएलमधूनही लोक येतात. कालवणाऱ्या आजींनी आम्हाला दोनदा दटावलं : ‘‘कॅमेरा मागे घे रे, पोह्यांत केस पडेल.’’

(मशीद बंदर स्टेशन. गर्दी. मग सॅम्युएल स्ट्रीटची पाटी.)

अठराव्या शतकात घाणे सोडून माणसं मुंबईला निघाली. काहींनी सुतारकी धरली, पुष्कळांनी कंपनी सरकारची पलटण. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्यांतले सगळ्यांत नामांकित. गावातल्या बोलीत समाजी हस्साजी दिवेकर. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले आणि ज्यू असल्यामुळे वाचले, असं सांगतात. परत आल्यावर, 1796 मध्ये, त्यांनी मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे. स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं मानणारे खूप आहेत.

मुंबईने आणखी एक गोष्ट केली. पलटणीच्या हजेरीपटावर आणि शाळेच्या रजिस्टरवर बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं. गावाकडचा अबाजी इथे अब्राहम झाला, एलोजी एलायजा झाला, आणि मागचं ‘कर’ गळून पडलं. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे! पडद्यावर मात्र नुसते डेव्हिड. अशी किती घरं असतील, ज्यांना आपलं गाव आता माहीत नाही.

(जुन्या पुस्तकाची पानं. किहीमकर हे नाव रोमन लिपीत.)

किहीमकरांनी आडनाव टाकलं नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर, जन्म 1830. 1875 मध्ये त्यांनी आपल्या भावांच्या आणि मित्रांच्या मदतीने मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. मग त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहायला घेतला : चालीरीती, लग्नाच्या पद्धती, आडनावं आणि त्यांची गावं. गलबताचं साल इसवी सनापूर्वी 175च्या आसपास असावं, असा त्यांचा अंदाज होता. तो आज सगळ्यांना पटेलच असं नाही. पण गावं आणि आडनावं त्यांनी जपून टिपली, आणि आमच्या मते त्यांचं खरं काम ते. हस्तलिखित 1897 मध्ये तयार होतं. छापलं गेलं 1937 साली, तेल अवीवमध्ये. तोवर लेखक हयात नव्हते. किहीमचं नाव लेखकाशिवायच तिथे पोचलं, असं म्हणायला हरकत नाही.

(अलिबाग. इस्राएल आळी. सिनेगॉगचं आवार, कुलूप उघडताना.)

1948 नंतर निम्म्याहून जास्त समाज इस्राएलला गेला. तिथे हे ज्यू खरे की नाहीत, असा वाद धर्मगुरूंनी काढला, जेरुसलेममध्ये धरणं झालं, आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली.

अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग 1848चं, आजची वास्तू 1910ची. आळीचं नाव अजून इस्राएल आळीच आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे फोनाफोनी करावी लागते.

(दफनभूमीतले दगड. हिब्रू आणि देवनागरी अक्षरं.)

हे दगड सावकाश बघा. वर हिब्रू, खाली मराठी. काही ठिकाणी इंग्रजी. ज्या घरांनी मुंबईत ‘कर’ गाळलं, त्यांच्यातल्याही काहींनी दगडावर गावाचं नाव कोरून घेतलं. मिठाच्या वाऱ्याने अक्षरं सुटत चालली आहेत. बाजूच्या जमिनींचे भाव तर सांगायलाच नकोत. पुढच्या पावसाळ्याच्या आत यांचे फोटो काढून, मजकूर उतरवून ठेवायला हवा.

(इस्राएलमधून आलेला मोबाइल व्हिडिओ. हिब्रू पाटी, स्वयंपाकघरात मराठी बोलणं.)

आज किहीमकर अश्दोद, लोद, दिमोना अशा गावांतही भेटतात आणि मुंबईतही. ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक इस्राएलमध्ये निघत आलंय. इकडे आयझॅक किहीमकर फुलपाखरांवर काम करतात. त्यांचं पुस्तक घेऊन रानात फिरणारे हजारो आहेत. सलीम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत त्यांनी वर्षानुवर्षं काढली. गावाने पक्ष्यांना आणि फुलपाखरांना एकेक माणूस दिला म्हणायचा!

(झिराड, किहीम, नवगाव, थळ. गाडीतून.)

मांडव्याला उतरून झिराड, किहीम, नवगाव आणि थळ एका दिवसात बघून होतात. नवगावला भरदुपारी जाऊ नका, सावली नाही. चौल आणि रेवदंड्यासाठी मात्र दुसरा दिवस ठेवा. चेऊलकरांचा माग तिथून काढावा लागतो.