धंदा तिचा, क्यूआर कुणाचा?

(दृश्य: पडवी, मिरचीचं पोतं, देठं खुडणारे हात)

एप्रिल महिना, माण तालुका. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या या टोकाला कसाबसा पाचशेच्या आसपास. सकाळी अकरालाच बाहेर उभं राहवत नाही असं ऊन. पण या पडवीत पाच बायका तोंडाला पदर गुंडाळून मिरच्यांची देठं खुडतायत, मधेच कुणीतरी शिंकतं, मग सगळ्याच शिंकायला लागतात, आणि काम काय थांबत नाही.

वर्षाची चटणी करायचा हा सीझन. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. मिरची कडकडीत वाळवायची, धने, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंगा, दालचिनी, तमालपत्र सगळं वेगवेगळं भाजायचं कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते, तीळ जरा जास्त झाला की सगळा घाणा कडू. कांदा उभा चिरून, वाळवून तेलात तळायचा. मग सगळं डंकावर कुटून आणायचं आणि लसूण, मीठ शेवटी. कुटून आल्यावर ती हातानं मळावी लागते, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यांनाच माहिती की रात्री हाताची कशी आग होते, खोबरेल चोळून सुद्धा झोप येत नाही.

ज्यांचं हे घर आहे त्या ताई म्हणाल्या, "माझं नाव नका घेऊ, बाकी सगळं दाखवा." म्हणून नाव घेत नाही. दहावीपर्यंत शाळा, अठराव्या वर्षी लग्न, आधी शेजारपाजारच्यांना चटणी करून द्यायच्या, मग हळूहळू ऑर्डरी वाढल्या. माणदेशातली निम्मी घरं पोटासाठी बाहेर आहेत, कोण नवी मुंबईत माथाडी कामाला, कोण पुण्या-चिंचवडला कंपनीत. त्यांना गावचीच चटणी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येते, डबे पॅक होतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सला टाकले की सकाळी पोच. सणावाराला तर मागणी पुरी होत नाही. मालाला गिऱ्हाईक आहे, हातात कसब आहे, उधारी जवळजवळ नाही. धंदा म्हणून बघितलं तर कुणालाही हेवा वाटावा असा.

मग आम्ही एक साधा प्रश्न विचारला. पैसे कशावर घेता?

ताईंनी दारामागं चिकटवलेला क्यूआर दाखवला. तो क्यूआर मालकांच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, मोबाईलचा. पैसे जातात मालकांच्या खात्यात. लाईटचं मीटर सासऱ्यांच्या नावावर. घराचा नमुना 8 चा उतारा सासऱ्यांच्याच नावावर. जमीन मालक आणि दीर यांच्या सामाईकात. भाजायच्या कढया तेवढ्या ताईंच्या.

यात मालक वाईट आहेत असं अजिबात नाही, ते स्वतः डबे गाडीत टाकायला जातात, पैसे मागितले की देतात, घरात भांडण नाही. पण ताई जेव्हा स्वतःचं पल्व्हरायझर, म्हणजे मसाला बारीक करायचं मशीन घ्यायला म्हणून तालुक्याच्या एका बँकेत गेल्या, तेव्हा साहेबांनी त्यांचं पासबुक बघितलं. त्यात गॅसची सबसिडी आणि बचत गटाचे हप्ते, बाकी काही नाही. साहेब म्हणाले, तुमची उलाढाल कुठंय? वर्षानुवर्षं शेकडो किलो चटणी विकलेली बाई कागदावर गृहिणी. वर आणि म्हणाले, जामीनदार आणा, मालकांना घेऊन या.

आम्हाला या अख्ख्या फिल्ममध्ये हेच सांगायचंय. आपल्याकडं बायकांना धंदा जमत नाही, धाडस नाही, ट्रेनिंग पाहिजे, असं सारखं बोललं जातं. ट्रेनिंग पाहिजेच, पण आम्हाला जिथं जिथं धंदा अडलेला दिसला तिथं तो कसबापाशी अडलेला नव्हता, धंद्याच्या एकाही कागदावर बाईचं नाव नाही तिथं अडला होता.

आणि हे नाव लागत नाही ते आजपासून नाही. महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा देणारा कायदा झाला, केंद्राचा 2005 ला झाला. कायदा आहे. पण वडील गेले की भावकी बसते, रजिस्टर ऑफिसला जायचं ठरतं आणि बहीण आपला वाटा सोडल्याच्या हक्कसोड पत्रावर सही करून येते, कारण सही नाही केली तर माहेर तुटतं ही भीती. दिवाळीला साडी येते, वाटा जातो. सासरी तर नाव लागायचा प्रश्नच नाही, मालक असेपर्यंत मालकांचं, नंतर पोरांचं. म्हणजे दोन घरं असून बाईकडं तारण ठेवायला एक गुंठा नाही.

(दृश्य: म्हसवड, बाजारातली गर्दी)

आता याच तालुक्यातली दुसरी गोष्ट. म्हसवड. सिद्धनाथाचं गाव. चेतना सिन्हा मुंबईत वाढलेल्या, चळवळीतून इकडं आल्या आणि इथंच राहिल्या. त्या सांगतात की रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडं आली, तिला रोजचे थोडे थोडे पैसे साठवून पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, आणि एवढ्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. कर्ज मागत नव्हती ती, स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागत होती.

तिथनं बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला आणि परत आला, कारण प्रवर्तक म्हणून ज्या बायका होत्या त्यातल्या बऱ्याच जणींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. मग त्या बायकांनी लिहायवाचायला शिकायचं मनावर घेतलं, दिवसभर रानात काम आणि रात्री पाटी. आणि परत रिझर्व्ह बँकेत जाऊन साहेबांना म्हणाल्या, वाचता येत नाही म्हणून लायसन नाकारलंत, पण हिशोब आम्हाला येतो, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटर न घेता सांगतो, तुमच्या साहेबांना पण तसंच करायला सांगा. 1997 ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं 2018 ला दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत चेतना सिन्हा सहअध्यक्ष होत्या, ती बातमी सगळीकडं आली होती, पण आम्हाला त्या बातमीपेक्षा बँकेचं रोजचं काम जास्त मोलाचं वाटतं.

कारण या बँकेनं बाईला बँकेच्या वेळेत बसवलं नाही, बँकच बाईच्या वेळेत बसवली. भाजीवाली बाजार सोडून काउंटरला येऊ शकत नाही, तर बँकेचं माणूस तिच्या पाटीपाशी जातं. पुढं कार्डं, पिन आल्यावर बायकाच म्हणाल्या की पिन नको, पिन घरातलं कुणीही काढून घेतं, अंगठा मशीनला जोडा, अंगठा कोण नेणार. ज्या अंगठ्यावरनं लायसन अडलं होतं तोच अंगठा! आणि यातनं हेही कळतं की बाईचा पैसा तिच्याच ताब्यात राहणं केवढं अवघड असतं, अगदी घरातल्या घरात.

अर्थात एका बँकेनं सगळा दुष्काळी पट्टा भागत नाही. बाकी गावात काय आहे, तर बचत गट आहेत, माविम म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे, उमेद हे राज्याचं गट बांधायचं अभियान 2011 पासून, आणि गटांनी खरंच खूप केलंय, बायका घराबाहेर पडल्या, मीटिंगमध्ये बोलायला लागल्या, सावकाराच्या दारात जायचं कमी झालं. पण गटाचं कर्ज दहा-पंधरा जणीत वाटलं की हातात येतं ते शेळी घ्यायला पुरतं, मशीनला नाही. आणि मायक्रोफायनान्सवाले तर दारात येऊन देतात, कागद कमी, तारण नाही, पण हप्ता आठवड्याचा. चटणीचा धंदा चार महिन्याचा आणि हप्ता बारा महिन्याचा, मग एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचं कर्ज. रिझर्व्ह बँकेनं 2022 ला नियम केला की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर सगळे हप्ते मिळून जाता कामा नये. गावात हा नियम माहिती असलेली बाई आम्हाला शोधून सापडली नाही.

(दृश्य: रस्ता. दिघंची, आटपाडी, विटा)

म्हसवडवरनं दिघंचीमार्गे आटपाडीला आलं की आपण सांगली जिल्ह्यात. आटपाडी, खानापूर या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या गलाई धंद्यात, सोनं-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडू, पार देशभर पसरलेली. घरी बाई आहे, शेती बाई बघते, डाळिंबाची फवारणी कधी, मजूर किती, आडत्याशी भाव कसा, सगळं बाई. पण ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करायचा तर सही मालकाची आणि मालक कोचीनला. शेती चालवणारी एक, शेतकरी म्हणून नाव दुसऱ्याचं.

तासगावकडं उतरलं की द्राक्षं आणि बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. शेडवर जाळ्यांवर माल वाळतो, आणि मग निवडायचं काम, रंगाप्रमाणं, आकाराप्रमाणं, काडी बाजूला, काळा मणी बाजूला. हे सगळं बायका करतात. बोटं इतक्या भरभर चालतात की कॅमेऱ्यात धरता येईनात. मालाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही, एका नजरेत सांगतात हा माल सौद्याला कितीला जाईल. आणि मिळते ती रोजंदारी. पारख त्यांची, बॉक्सवर नाव व्यापाऱ्याचं.

आम्हाला संधी दिसते ती इथंच. अर्धा-अर्धा किलोचं पाऊच करून, आपलं लेबल लावून विकायला फार मोठा कारखाना लागत नाही. 2020 पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे, त्यात प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखापर्यंत अनुदान, आणि गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या बाईला 40 हजारापर्यंत बीज भांडवल. केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेमध्ये 50 हजारापर्यंत शिशु आणि तिथनं 5 लाखापर्यंत किशोर. बायकांना शिशुवरच कटवतात, किशोर मागावं लागतं, ठामपणे मागावं लागतं. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा, सूक्ष्म उद्योगाच्या 10 लाखापर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारण मागितलं तर लेखी द्या म्हणायचं.

(दृश्य: परत पडवी, पण आता टेबलावर फाईल)

त्या चटणीवाल्या ताईंनी काय केलं ते सांगतो. कुणी मोठा माणूस मदतीला आला नाही, गटाच्या सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच बाई, आणि बीकॉमला असलेली पुतणी, दोघींनी बसून केलं. पहिल्यांदा स्वतःच्या नंबरवर स्वतःच्या खात्याचा क्यूआर. हे बोलताना सोपं वाटतं, पण घरात चार दिवस धुसफूस झाली, "माझ्यावर विश्वास नाही काय?" इथपर्यंत गेलं. सासूबाईंनी मिटवलं, त्या म्हणाल्या पोरीच्या खात्यात पैसे आले तर घरातच राहत्यात की, जातात कुठं. मग उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी छोट्या धंद्याची नोंद, ती फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. मग अन्न परवान्याची नोंदणी, छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये. लेबलवर नंबर आला आणि पुण्यातला एक दुकानदार जो आधी माल ठेवत नव्हता तो ठेवायला लागला.

आता खात्यावर पैसे आलेले दिसतात. बँकेचं स्टेटमेंट काढलंय, मशीनचं कोटेशन जोडलंय, ताईंनी किशोरमध्ये अर्ज दिलाय. घराचा उतारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्याला हात लावायची घरात अजून कुणाची तयारी नाही. पण धंद्याचं लाईट मीटर वेगळं घ्यायचं आणि ते ताईंच्या नावावर घ्यायचं हे ठरलंय, सासऱ्यांनी त्यासाठी संमतीपत्र लिहून दिलंय, फाईलमध्ये ते पण आहे. मशीन आलं तर शेजारच्या दोघींना महिन्याच्या पगारावर घ्यायचं ताईंनी आत्ताच बोलून ठेवलंय, आणि पगार हातात न देता त्यांच्या त्यांच्या खात्यावर टाकणार, तशी दोघींची पासबुकं पण मागून घेतलीयेत.