शेपटीवर जाऊ नका

(परभणीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. फाटकाशी दोन कुत्री एकमेकांच्या नरड्याला लागली होती. एक खाली, एक वर, गुरगुर नुसती चाललेली. आपल्यातल्याच एका सद्गृहस्थांनी भांडण सोडवायला म्हणून चप्पल भिरकावली. हेतू चांगलाच होता. पण ती भांडत नव्हती हो, खेळत होती. चप्पल अंगावर आली तसं वरचं कुत्रं दचकलं आणि त्या दचक्यात खालच्याला खरंच चावलं. मग जो केकाटण्याचा आवाज आला, तो तुम्ही ऐकलात. मला आजचं भाषण फाटकावरच आयतं मिळालं.

मी ३४ वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. अडलेल्या म्हशी, फऱ्या झालेले बैल, पोट फुगलेल्या शेळ्या. कुत्रं यायचं ते सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा कुणाला तरी चावून झाल्यावर. मालकाचं वाक्य ठरलेलं: "डॉक्टरसाहेब, आजवर कधी असं केलं नव्हतं, एकदम चावलं बघा." हे 'एकदम' ऐकून माझे कान किटले. दहातल्या नऊ वेळा कुत्र्यानं आधी सांगितलेलं असतं, आपल्याला ते वाचता आलेलं नसतं.

मलाही वाचता येत नव्हतं. नोकरीचं दुसरं वर्ष. जिंतूरकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गाय बघायला गेलो होतो. बाजेपाशी एक कारवानी कुत्रं उभं. लातूर, धाराशिवकडच्या लोकांना कारवानी सांगायला नको. लांब तोंडाचं, कंबर मुठीत मावेल असं, सशामागे धावणारं. मालक म्हणाले, "काही करत नाही, शेपटी हलवायलंय की." मी डोक्यावरून हात फिरवायला वाकलो आणि मनगटात दोन दात रुतले.

पट्टी बांधून घेताना सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. कारवान्याची शेपटी एरवी खाली लोंबते. ती त्याची ठेवणच आहे, भीती नव्हे. त्या दिवशी ती वर चढली होती आणि नुसतं टोक भराभर हलत होतं. बाकीचं अंग खांबासारखं. मे महिन्यातली दुपार, मघापर्यंत ते जीभ काढून धापा टाकत होतं. मी जवळ गेलो तसं त्यानं तोंड मिटलं. उन्हात धापणारं कुत्रं तोंड मिटतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष तुमच्यावर असतं. आणि मी मात्र शेपटी बघत बसलो.

शेपटी म्हणजे आनंद, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. शेपटी एवढंच सांगते की आत काहीतरी उसळलंय. काय उसळलंय ते बाकीच्या अंगाला विचारावं लागतं. लाडात आलेल्या कुत्र्याची शेपटी कमरेपासून हलते, ढुंगण सुद्धा डुलतं, अंग दोरीसारखं सैल असतं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांच्या शेपट्या मोजून पाहिल्या. मालक दिसला की त्या कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकायच्या, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मोठं मजेशीर काम आहे. पण रस्त्यावर शेपटीचा कोन मोजत उभं राहू नका, तोवर ते चावून मोकळं होईल.

चार्ल्स डार्विननं १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर जे पुस्तक लिहिलं, त्यात ही गोष्ट फार नेमकी मांडलीय. चिडलेलं कुत्रं ताठ होतं, उंच होतं, अंगावरचे केस उभे. तेच कुत्रं मालकाला ओळखतं तेव्हा सगळं उलटं: अंग वाकतं, लवलवतं, कान मागे पडतात. भावना उलटी, म्हणून अंगाची ठेवणही उलटी. दीडशे वर्षं झाली, तरी यापेक्षा सोपी किल्ली मला सापडलेली नाही. ताठ की सैल, आधी एवढंच बघा.

आता खेळाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

कुत्रं खेळायला बोलावतं तेव्हा पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवतं आणि ढुंगण वर ठेवतं. आपण त्याला अर्धा दंडवत म्हणू. मार्क बेकॉफ नावाच्या अमेरिकन प्राणिवर्तन अभ्यासकानं १९९५ मध्ये दाखवलं की हा दंडवत कुठेही, कसाही घातला जात नाही. खेळात कुत्री एकमेकांना तोंडात धरून मान झटकतात ना, शिकार मारताना अगदी तसंच करतात. ज्याचा गैरसमज होऊ शकतो असा हा चावा. तर असल्या चाव्याच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर दंडवत जास्त दिसतो. म्हणजे 'आता जे करतोय ते मनावर घेऊ नको', किंवा 'मघाशी जोरात लागलं, पण खेळच होता बरं का'. आपण चेष्टेत कुणाला टोमणा मारतो आणि लगेच त्याच्या खांद्यावर हात टाकतो, तसं.

आणि समोरच्याची पाठ असेल तर कुत्रं दंडवत वाया घालवत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी खेळणाऱ्या कुत्र्यांचं चित्रीकरण सावकाश गतीनं लावून पाहिलं. समोरचा बघत असेल तर खूण करतात; बघत नसेल तर आधी नाकानं ढोसतात, पंजा मारतात, लक्ष वेधून घेतात आणि मग बोलावतात. आमच्या घरातल्या माणसांपेक्षा शहाणी म्हणायची. आमच्याकडे एक जण स्वयंपाकघरातून बोलतो, दुसरा अंगणात असतो.

खेळात आवाज असतो, दात असतात, पाडापाडी असते. त्यावरून ठरवू नका. आलटून-पालटून चाललंय का ते बघा. आत्ता हे मागे धावतंय, थोड्या वेळानं ते धावेल. दांडगं कुत्रं पिलापुढे आपणहून उताणं पडतं, जसे आजोबा नातवाशी कुस्ती हरतात. धाव मुद्दाम वाकडीतिकडी, उड्या उगाच उंच. तोंड उघडं, ओठ सैल. मधेच दोघं थांबतात, अंग झाडतात, शिंकतात सुद्धा, आणि पुन्हा सुरू. हे थांबणं फार मोलाचं. खऱ्या भांडणात कुणी दम खायला थांबत नाही.

खेळ नासतो तोही असाच दिसतो. एकच कुत्रं सारखं पळतंय, शेपूट पोटाखाली, बैलगाडीखाली शिरतंय, माणसाच्या पायामागे लपतंय, आणि दुसरं सोडत नाही. शंका आली तर वरचढ कुत्र्याच्या मालकाला त्याला धरून ठेवायला सांगा. सुटलेलं कुत्रं वळून पुन्हा त्याच्याच अंगावर उडी मारायला आलं, तर खेळ होता. निघून गेलं, तर त्याला नको होतं. चप्पल लागत नाही. (हशा)

ज्या खुणांना आवाज नसतो, त्या मला माळेगावच्या यात्रेत कळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली खंडोबाची यात्रा. तिथे घोडे, गाढवं, उंट येतात आणि श्वानांचं प्रदर्शनही भरतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, त्यामुळे मानही असतो. साखळीला बांधलेली देखणी कुत्री, आणि जो येतो तो तोंडाला हात लावतो. मी एका बाजूला उभा राहून नुसतं बघत बसलो. एक कुत्रं दर माणसामागे नाकावरून जीभ फिरवत होतं. समोर खायला काही नव्हतं. एक जांभया देत होतं. पहाटे उठल्यावरची जांभई ही जांभईच असते, पण भर गर्दीतली झोपेची नसते. एकानं तोंड फिरवलं, पण डोळा तिरका माणसावर, बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर. सगळी एकच सांगत होती, जरा लांब व्हा. ऐकत कुणीच नव्हतं, आणि तरीही कुणी चावलं नाही. कुत्र्याचा सोशिकपणा आपण फार गृहीत धरतो.

मग एखाद दिवशी ते गुरगुरतं आणि आपण काठी उचलतो. माझी विनंती आहे, गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं मार खाऊन बंद होतं, राग बंद होत नाही. पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावेल आणि तुम्ही मला सांगायला याल, 'एकदम चावलं'.

खाणाऱ्या कुत्र्याजवळ तर जाऊच नका. आपल्या हिंगोलीकडच्या नरसीच्या नामदेव महाराजांची गोष्ट माहीत आहे ना? कुत्र्यानं भाकरी पळवली, महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. महाराजांना त्यात विठ्ठल दिसला. कुत्र्याला काय दिसलं असेल? भाकरी परत न्यायला आलेला माणूस. आपण महाराज नाही, तेव्हा भाकरी टाकावी आणि लांब व्हावं.

(प्रश्नोत्तरांतून)

एका ताईंनी विचारलंय, चूक केल्यावर कुत्रं ओशाळं तोंड करतं, म्हणजे त्याला कळतं का? होरोविट्झबाईंनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. ओशाळेपणा चुकीवर नाही, मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघाला. मालकानं नको म्हटलेला खाऊ न खाल्लेलं कुत्रंही रागावल्यावर ओशाळलं, उलट जास्तच. ते तुमचा चेहरा वाचतं.

लेकरांचं विचारताय. लेकरू गळ्यात पडतं, आपण फोटो काढतो. फोटोत लेकराकडे नाही, कुत्र्याकडे बघा: तोंड मिटलेलं, कान मागे, मान दुसरीकडे. लेकराला हळूच बाजूला घ्या. हात पुढे करायचा तर कुत्र्यानं जवळ यायची वाट बघावी, डोक्याऐवजी छातीपाशी खाजवावं, दोन-तीन सेकंदांनी हात काढून घ्यावा. त्यानं पुन्हा अंग टेकवलं तर आणखी खाजवा.

आणि शेवटचा प्रश्न, शाळेत जाताना कुत्री मागे लागतात. पळायचं नाही. पळणाऱ्यामागे धावणं त्यांच्या अंगातच आहे. उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, आणि ती थंडावली की सावकाश मागे सरकायचं. एवढं करूनही दात लागला, ओरखडा जरी असला, तरी चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस तिथे मिळते आणि तिचे सगळे डोस पुरे करायचे. कुत्रं घरचं असलं तरी.

चहा आलेला दिसतोय. थांबतो.